भाकर थापायची खूण

तुरीच्या शेंगा वाळून खुळखुळायला लागल्या, की माझं डोकं फिरतं. दरसाल फिरतं. पौषातल्या सकाळी बाकीच्यांना हुरडा आठवतो, शेंगदाण्याची चटणी आठवते, शेकोटी आठवते. मला एक बिस्किटी रंगाचा हाफ स्वेटर आठवतो आणि त्या स्वेटरातून बाहेर आलेला एक उजवा हात. पंजा पालथा, हळूहळू खाली दाबला जाणारा.

यंदा डोकं जरा लवकरच फिरलं, त्याला कारण टीव्ही. संध्याकाळी भाकरी करता करता मी कबड्डीची लीग लावते. त्या दिवशी एका संघाला सात गुणांची आघाडी होती आणि आठ मिनिटं उरली होती. समोरचा संघ पार मोडलेला, एकमेकांच्या तोंडाकडं बघत उभा. अशा वेळी आत घुसायचं, दोन-चार गडी मारायचे, अख्खा संघ बाद करून लोण चढवायचा आणि मोकळं व्हायचं. पण कोट घातलेल्या प्रशिक्षकानं टाइम आउट घेतला, सगळ्यांना जवळ बोलावलं आणि सांगितलं, "अब कुछ नहीं करना है. टाइम निकालो." खांबासारख्या मांड्यांची ती पोरं, वर्षभर दूध-बदाम खाऊन कमावलेली, माना डोलवत परत गेली आणि रेषेला पाय लावून माघारी यायला लागली. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर गडी बाद, असा आता नियम आहे. तर त्या तिसऱ्या चढाईला हा शहाणा आपल्यातला सगळ्यात मरतुकडा गडी पाठवायचा, म्हणजे गेला तरी दुःख नको. सातावरची आघाडी एकावर आली. तेवढ्यात वेळ संपली. कोटवाला हात वर करून नाचला आणि टीव्हीत बोलणाऱ्यांनी त्याला 'अनुभवी' म्हटलं.

काही करू नका, हे सांगायला माणूस ठेवतात. त्याला कोट देतात.

माझी तव्यावरची भाकरी करपली. मी तोंडातल्या तोंडात जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "जिंकले न्हवं? मग तुला अजून काय पायजे?" हा भित्र्या लोकांचा फार लाडका प्रश्न आहे. जिंकलो ना, पगार येतो ना, छप्पर गळत नाही ना, मग अजून काय पाहिजे? माझ्या कचेरीतला एक जण परदेशातला फुटबॉल बघतो. तो सांगतो की तिकडंही तीच तऱ्हा. कोटी-कोटीचे खेळाडू, पण एक गोल झाला की अकराच्या अकरा जण आपल्याच गोलापुढं दाटीवाटीनं उभे राहतात, लग्नात पंगतीची जागा धरल्यासारखे. मला हे ऐकून बरं वाटलं. भित्रेपणा काही आमच्या ताडकळसच्या मातीतूनच उगवला नाही म्हणायचा.

ताडकळसची मी. आमचं मैदान बाजारतळाच्या मागं होतं. आमची काळी माती पाऊस संपला की भेगाळते, तिच्यावर पाय मुरगळतात, म्हणून दिवाळीनंतर तिथं ट्रॅक्टरनं मुरूम टाकायचे, पाणी मारायचे, रोलर फिरवायचे आणि फक्कीच्या पांढऱ्या रेषा आखायचे. सकाळी सहाला आम्ही पोरी तिथं जायचो तेव्हा त्या ओल्या मुरमाचा गारठा तळपायातून वर चढायचा. तोंडातून वाफा निघायच्या. पहिल्या चार चढायांना 'कबड्डी कबड्डी' म्हणताना दात वाजायचे. मग अंग तापायचं, गुडघे फुटायचे, आणि त्या फुटलेल्या गुडघ्यावर मुरमाची धूळ चिकटली की रक्त आपोआप थांबायचं. पलीकडच्या रानात ज्वारी पोटऱ्यातून बाहेर पडून दाण्याला आलेली असायची आणि पाखरं हाकणारी माणसं गोफणीचा आवाज काढायची. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. गोफण सुटली की सुमी दचकायची आणि मग स्वतःलाच शिवी द्यायची.

सुमीबद्दल सांगायचंच आहे, पण आधी सर. खेळाचे सर. नाव लिहीत नाही, अजून आहेत.

सर वाईट होते असं मी म्हणणार नाही. वाईट माणसाचा निदान धाक असतो. सर सांभाळून राहणारे होते. हिवाळ्यात छत्री घेऊन हिंडायचे. एसटी आठची असली तर सातला स्टँडवर. चपलेचा अंगठा तुटेल म्हणून पिशवीत दुसरी चप्पल. असा माणूस कबड्डी शिकवायला कसा आला हे त्या वरच्यालाच माहीत. शिकवायचे मात्र छान. घोटा कसा धरायचा, साखळी कशी करायची, चढाईला आलेलीच्या डोळ्याकडं न बघता तिच्या कमरेकडं कसं बघायचं, हे सगळं त्यांनीच शिकवलं. आम्ही मागं असलो की बरं बोलायचे. पण आघाडी पाच गुणांची झाली, की ह्या माणसाच्या अंगात कुणीतरी दुसरंच यायचं. शिट्टी खिशात जायची. स्वेटरचं शेवटचं बटण लागायचं. आणि मग तो उजवा हात कडेवरून निघायचा. पालथा पंजा, थप, थप, थप, हवेतल्या हवेत खाली दाबायचा. सावकाश, जपून, हातचं सोडू नका. त्या खुणेचा अर्थ असा की आता चढाईला गेलेलीनं कुणाला शिवायचं नाही, समोरच्यांची पहिली रेषा तेवढी पायानं ओलांडायची, म्हणजे चढाई कायद्यात बसते, आणि तशीच माघारी यायची. तेव्हा तिसऱ्या चढाईचा नियम आमच्याकडं नव्हता. सगळा खेळ असाच ये-जा करण्यात घालवता यायचा.

त्या खुणेला आम्ही पोरी 'भाकर' म्हणायचो.

"ए, सर भाकर करायलेत," सुमी हळूच म्हणायची. "चला, हात धुवा."

आम्ही हसायचो, आणि भाकर सुरू झाली की गुमान रेषा शिवून माघारी यायचो. आता वाटतं, नुसतं हसण्यात किती आयुष्य जातं माणसाचं. ज्याच्यावर थुंकावं त्याला आपण हसतो आणि मग त्याचंच ऐकतो.

आता सुमी. सुमन तिचं नाव, आमच्या संघातली एकुलती एक खरी चढाई करणारी. मी कॅप्टन आणि डावा कोपरा, माझं काम घोटे धरायचं, बाकीच्या पोरी पण पकडीच्याच. गुण आणायची ती सुमी. चढाईला निघताना मध्यरेषेवर थांबून डाव्या पायाची टाच मातीत दोनदा घासायची. घोडं पाय आपटतं तसं. मग दम धरायची आणि उसात रानडुक्कर शिरावं तशी आत शिरायची. तिघी-चौघींनी कमरेला धरलेली असतानाही ओढत ओढत मध्यरेषेला बोटं लावलेली मी पाहिली आहेत. एकदा तर आमच्याच पोरीला घरी जाऊन पायाला हळद लावावी लागली, सरावात सुमीची मागची लाथ बसली म्हणून. दम तिचा इतका लांब की पंच घड्याळाकडं बघायचे.

त्या वर्षी आम्ही बारावीला होतो. सुमीला दिवाळीत अठरा पूर्ण झाली आणि लगेच पेडगावचं स्थळ आलं. तिचे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, शब्दाचे पक्के. त्यांनी सुमीला समोर बसवून सांगितलं होतं, आणि मी तिथंच होते, ज्वारीच्या पिठाचा डबा न्यायला आलेली.

"जिल्ह्याच्या टीममधी तुझं नाव आलं, तर अजून दोन वरसं खेळ. मी कुणाला दारात उभं करणार न्हाई. न्हाई आलं, तर माघात उरकून टाकू. माणसं चांगली हायत."

"आन आलं तर?" सुमीनं पुन्हा विचारलं.

"आलं तर आलं. म्या बोललो न्हवं?"

त्या रात्रीपासून सुमीनं भात सोडला आणि दोन भाकरी जास्त खायला लागली. तिच्यापुरता तेवढा हिशोब सरळ होता. अंतिम सामना परभणीला, तिथं निवडीचे तीन जण मंडपात वही घेऊन बसणार, त्याच संध्याकाळी जिल्ह्याचा संघ जाहीर होणार. सर छातीवर हात ठेवून सांगायचे, "जिंकलेल्या टीमच्या चार पोरी घेतातच. रिवाजच हाय तो. तुमी फक्त जिंका." आणि चार म्हटल्यावर त्यात सुमी पहिली, ह्यात कुणालाच शंका नव्हती.

त्या सामन्याचा पहिला अर्धा भाग अजून डोळ्यांपुढून हलत नाही. ऊन कोवळं, वारं पडलेलं, मंडपाच्या कापडाला नव्या रंगाचा वास. सुमी आत जायची आणि कुणाला ना कुणाला घेऊन यायची. दोघींना, एकदा तिघींना. लाउडस्पीकरवर बोलणारा म्हातारा पार वेडा झाला होता. "ताडकळसची सुमन निघाली बगा. आता कुणाच्या घरचा दिवा इझवती." आबा पहिल्या रांगेत पटका सावरत बसले होते. एवढ्या लोकांत आपल्या लेकीचं नाव माइकवर घेतलेलं ऐकून त्यांना हसावं की रागवावं ते कळत नव्हतं. आम्ही नऊ गुणांनी पुढं गेलो.

आणि दुसऱ्या भागात भाकर सुरू झाली.

मला तो भाग आठवायला आवडत नाही, पण डोकं फिरलं की तोच आठवतो. सुमी जायची, रेषा शिवायची, माघारी यायची. परत जायची, शिवायची, माघारी. एखाद्या वाघिणीला दळण आणायला लावावं तसं. समोरच्या पोरी मागं पडलेल्या, त्यांना वेळ घालवून चालणार नव्हतं, त्या जिवावर उदार होऊन आत यायच्या आणि आमच्या पकडीत सापडायच्या. काही निसटायच्याही, आणि निसटताना आमच्या दोघी-तिघींना मारून जायच्या, मग आघाडी कमी व्हायची. लोकांनी आधी शिट्ट्या मारल्या, मग शेंगांची टरफलं फेकली. लाउडस्पीकरवाला म्हणाला, "ताडकळसच्या पोरी खेळायला आल्यात का रेषा मोजायला?" पाच मिनिटं राहिली तेव्हा सरांनी टाइम आउट घेतला, बोलायचं ते बोलले, आणि मफलर गुंडाळून, दोन्ही हात पँटच्या खिशात घालून, जणू आघाडीची ऊब घेत उभे राहिले. सुमी मध्यरेषेवर आली. टाच दोनदा घासली. तिनं कडेला बघितलं, मग आमच्याकडं बघितलं. भाकर चालूच होती. ती गेली, रेषा शिवली, माघारी आली.

आम्ही तीन गुणांनी जिंकलो. शिल्ड मिळालं. सरांचं म्हणणं खरं ठरलं, जिंकलेल्या संघातल्या चार पोरी घेतल्या. मी एक, उजवा कोपरा एक, मधल्या फळीतल्या दोघी. वहीत ज्यांच्या नावापुढं सामनाभर गुण पडत राहिले त्या. सुमन नव्हती.

सर विचारायला मंडपात गेले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. निवडीतला एक जण म्हणाला होता, "पोरगी पयल्या हाफात चांगली खेळली. मग दमली. दम न्हाई तिच्यात."

परतीच्या एसटीत पोरी गाणी म्हणत होत्या. शिल्ड सुमीच्या मांडीवर होतं, कारण खिडकीची जागा तिची आणि बाकी कुठं ते मावत नव्हतं. ती नखानं त्याच्यावरची फक्की खरवडत बसली होती. पूर्णेचा फाटा आला तेव्हा तिनं मला एकच विचारलं, "दमली म्हणले व्हय?"

मी म्हटलं, "सरांमुळं झालं."

माघात लग्न झालं. आबा शब्दाचे पक्केच.

पुढं मी दोन वर्षं जिल्ह्याकडून खेळले, राज्यावर गेले, पदक आणलं, खेळाडूंच्या जागेवर सरकारी कचेरीत चिकटले. आता पंधरा वर्षं तिथंच आहे. आमच्या कचेरीत सगळेच आघाडीवर असलेले लोक आहेत. एकदा खुर्ची मिळाली की कुणी चढाई करत नाही. फाइल समोर आली की रेषेला पाय लावायचा, 'पाहून सांगतो' लिहायचं, माघारी यायचं. साहेब तर भाकर थापण्यात असे तयार, की त्यांच्यापुढं आमचे सर म्हणजे लहान लेकरू. 'मॅडम, आपल्याला निवृत्तीपर्यंत सुखानं जायचंय.' एका म्हातारीचा दाखला असाच ये-जा करत तीन महिने फिरला. मी चिडले, साहेबांशी भांडले, माझी बदली व्हायची वेळ आली. मग मीही गप्प बसले. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये म्हणतात. ज्यानं ही म्हण काढली तो जन्मात कधी कशाच्या मागं पळाला असेल असं मला वाटत नाही. पण मी त्याला बोल लावते आणि महिन्याच्या महिन्याला मस्टरवर सही करते.

नणंद पाथरीला दिलेली आहे. गेल्या पंधरवड्यात तिच्याकडं गेले होते, तर येताना पाथरीच्या स्टँडवर सर दिसले. मफलर, छत्री, पिशवीत चपलेचा जोड. बस अकराची आणि हे दहाला आलेले. थकलेत. मला ओळखलं, बाकावर जागा करून दिली, नातवंडांचं सांगितलं. लीग बघतो म्हणाले. त्यांच्या तोंडून लीगचं नाव ऐकून माझ्या जिभेवर काय काय आलं होतं. मी म्हणणार होते, सर, तुम्हाला तिथं कोट घालून उभं करायला पाहिजे होतं.

तेवढ्यात तेच म्हणाले, "मंदा, त्या सुमनचं माझ्याकडनं लय चुकलं. चांगली पोरगी व्हती. माझ्या भित्रेपणापायी तिचा खेळ गेला."

मी म्हटलं, "जाऊ द्या सर. झालं ते झालं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. छत्रीची मूठ पुसत बसले. बस आली तेव्हा मला आधी चढू दिलं.

सबंध रस्ताभर मी डोळे मिटून बसले. गाडी लागली म्हणून, असं मी नणंदेला फोनवर सांगितलं.

सुमी दर पौषात हुरड्याला बोलावते. पेडगावला तिचं चांगलं चाललंय. नवरा सरळ, विहिरीला पाणी, दोन लेकरं. मोठी आरती बारावीला आहे आणि चढाई करते. मी दरवर्षी जाते, दरवर्षी आम्ही सरांच्या भाकरीवर हसतो, दरवर्षी मी सरांना चार शिव्या घालते, आणि सुमी निखाऱ्यांच्या आरावर कणसं फिरवत ऐकून घेते. मी शिव्या घालते आणि ती मला पहिला हुरडा देते, असा आमचा वीस वर्षांचा रिवाज.

यंदा गेले तेव्हा सुमीनं गोवऱ्यांच्या आरात कणसं खुपसली होती. तिच्या बोटांना आर लागत नाही, खेळाडूची बोटं, वाकडी झालेली. तिनं कणीस काढून गरम गरमच तळहातावर चोळलं, फुंकर मारली आणि हिरवे दाणे माझ्यापुढं धरले. मी घेतले नाहीत.

"सर भेटले होते," मी म्हटलं. "पाथरीला."

"बरे हायत का?"

"बरे आहेत. सुमे, तुला एक सांगायचंय."

ती तशीच हात पुढं करून बसली.

मी सांगितलं. इतकी वर्षं सरांच्या नावानं खडे फोडले, पण त्या शेवटच्या टाइम आउटला सरांनी मला एकटीला बाजूला घेतलं होतं. ते म्हणाले होते, "मंदा, आता तिला सोड. कमिटी बघायली. हारलो तरी चालंल, तिला खेळू दे. जा, सांग तिला." त्या माणसानं जन्मात एकदा हातचं सोडायचं ठरवलं होतं. मी हो सर म्हटलं आणि मैदानात आले. आणि सांगितलं नाही. सुमी मध्यरेषेवर उभी होती, मी डाव्या कोपऱ्यात, आणि मीच पंजा पालथा केला. का केला? आघाडी पाचावर आली होती. शिल्ड जाईल ही भीती होती. आणि हेही खरं, की सुमी रेषा शिवून येत होती तोवर समोरच्या पोरी आत येत होत्या आणि मी त्यांचे घोटे धरत होते. पाच जणी माझ्या हाती लागल्या होत्या. वहीत माझं नाव पडत होतं ते मला कळत होतं. शेवटच्या पाच मिनिटांत अजून दोन धरल्या.

एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. लोकांना भित्रे म्हणायची मला किती हौस.

सुमीनं हातातले दाणे माझ्या ताटलीत टाकले आणि दुसरं कणीस आरातून ओढलं.

"मला ठावं हाय," ती म्हणाली.

"सरांनी सांगितलं?"

"सर कशाला सांगतेत. सरांचे दोनी हात खिशात व्हते. मला काय दिसत नव्हतं व्हय? भाकर थापायली व्हतीस ती तू."

"मग तू कामून गेली नाहीस? कामून ऐकलंस माझं?"

"कॅप्टन तू व्हतीस," सुमी म्हणाली. तिनं कणीस चोळलं. "आन मैत्रीण बी."

पलीकडच्या रानात पाखरं हाकायला आता फटाक्याची नळी लावतात, ती वाजली. सुमी दचकली नाही.

"एवढी वर्षं मी सरांना शिव्या देत होते. तू एकदा तरी बोलायचंस," मी म्हटलं.

"तू दर साली येऊन त्यांला शिव्या द्यायचीस. म्या मनात म्हणायची, बघू, औंदा तरी सोताला देती का." ती हसली. गोड हसणं नव्हतं ते. वीस वर्षं ती माझ्यापुढं पहिला हुरडा ठेवत होती आणि माझी वाट बघत होती, आणि मी खात होते.

निघताना तिनं पिशवीत कणसं भरून दिली. दारात म्हणाली, "उंद्या ताडकळसला आरतीची मॅच हाय. जिल्ह्याची निवड तिथंच हाय. यायचं आसंल तर ये. पर फुडं बसू नको. तिच्या नजरंला पडंल आसं बसू नको."

गेले. कसं नाही जाणार. बाजारतळाच्या मागं तेच मैदान, आता निम्म्यावर गाळे उठलेत, पण मुरूम तोच आणि फक्कीच्या रेषा त्याच. मी सगळ्यात मागं, पाण्याच्या टाकीला टेकून उभी राहिले. चटई अंथरून पहिल्या रांगेत सुमी बसली होती, मांडीवर शेंगांची पुडी. आरतीच्या संघाला सहा गुणांची आघाडी मिळाली. सात मिनिटं उरली. त्यांच्या खेळाच्या मॅडम पुढं सरकल्या आणि दोन्ही हातांनी थांब, थांब करायला लागल्या. मी मनात म्हटलं, लागली ही पण भाकर करायला.

आरती मध्यरेषेवर आली. डाव्या पायाची टाच मातीत दोनदा घासली. मग तिनं मान वळवून पहिल्या रांगेत आईकडं बघितलं.

सुमीनं मान वर केली नाही. ती शेंगा फोडत होती. एक फोडली, दाणे तोंडात टाकले, टरफल बाजूला ठेवलं, दुसरी घेतली. जा नाही, थांब नाही, काहीच नाही. पोरगी क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिनं मॅडमकडं पाठ केली, दम धरला आणि आत शिरली, रेषा ओलांडून पार शेवटच्या कोपऱ्यापर्यंत.

लोक उठून उभे राहिले. धुरळा उडाला. चौघी तिच्यावर पडल्या होत्या आणि ती मध्यरेषेकडं सरपटत होती, हात लांब केलेला. पोचली की नाही ते मला दिसलं नाही. मी माझ्या उजव्या हाताकडं बघत होते. तो केव्हा वर आला मला कळलं नव्हतं. पंजा पालथा होता आणि खाली दाबत चालला होता.